रुतलेल्या तोफा

माहा स्वभाव तापट हाय, हे पहिलेच सांगून टाकते. उगाच नंतर कोणाले नवल वाटाले नको. अन्नपूर्णाबाईशी माही दोस्ती झाली तीच मुळी भांडणातून. ती आमच्या धामणगावले पोरींच्या शाळेत मास्तरीण. पुण्याची बाई, बोलणं अगदी पुस्तकातलं. एक दिवस तिनं माह्या पोरीले पाढे आले नाहीत म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. मी विकाले काढलेली मेथीची टोपली तशीच डोक्यावर घेऊन शाळेत गेली आणि अर्धा घंटा तोंड चालवलं. बाईनं सारं ऐकून घेतलं आणि म्हणली, "आधी टोपली खाली ठेवा, मान अवघडेल. चहा घेणार?" आता अशा बाईशी भांडावं तरी कसं? चहा पेली आणि दोन जुड्या मेथी तिले देऊन आली.

ह्या गोष्टीले पाच वर्षं झाली. आता ती मले सोजरा म्हणते, मी तिले बाई म्हणते. तिचा नवरा भगवंतराव दोन वर्षांपहिले गेला. लेकरूबाळ नाही. तो पलटणीत कारकून होता, कामठीच्या छावणीत. पेन्शन घेऊन आला आणि बायकोच्या नोकरीच्या गावात राह्यला, तवा गावानं त्याले कमी नावं ठेवली नाहीत. मी बी ठेवली, खोटं काऊन बोलू? बायको शाळेत जाते आणि हा बाप्या दिवसभर घरी बसून करते तरी काय, हे मले मोठं कोडं होतं.

त्या माणसाचं कोडं सुटलं ते यंदाच्या श्रावणात. महाराष्ट्र होऊन सहा वर्षं झाली, तेच हे साल. चार दिवसांपासून झड लागलेली, निंदण बंद, घरात बसून बसून माहं डोकं फिराले आलतं. रविवारी दुपारी मी पदरात वांगे घेतले आणि बाईकडे गेली. पाहते तं काय! बाईनं खाट उभी करून भिंतीले टेकवलेली, जमिनीवर हिरवी चादर हातरलेली, आणि चादरीवर शिशाचे शिपाई. बोटाच्या दोन पेरांएवढे. कोणी तांबडे, कोणी निळे, कोणी घोड्यावर. आणि तोफा अशा, का चाकं खरोखर फिरत.

"अवं माय वं!" मी म्हणलं. "बाई, ह्या वयात बाहुल्या?"

"बाहुल्या नव्हेत. लढाई आहे," बाई म्हणली. "बस तिकडे. पाय लावू नकोस कशाला."

मंग तिनं सांगतलं. सत्तेचाळीस साली कामठीचा एक इंग्रज साहेब देश सोडून निघाला, तवा शिपायांची ही पेटी भगवंतरावाले देऊन गेला, संग नियमांचं इंग्रजी पुस्तक. भगवंतरावानं ते नियम मराठी करून एका वहीत उतरवले. निळे नेपोलियनचे, तांबडे इंग्रजांचे. चादरीखाली पाट सारला का झाली टेकडी, आणि टेकडीवर तांबडे बसलेले. निळ्यानं बारा पाळ्यांच्या आत टेकडी घ्यायची. नाही घेतली तं तांबड्यांच्या मदतीले आणखी एक फौज येते आणि निळ्याचा खेळ खलास. पलटण किती सरकन ते लाकडी पट्टीनं मोजायचं, गोळा लागला का नाही ते फासा टाकून ठरवायचं.

"आणि हे तुमी दोघं खेळत होते?"

"लग्न झाल्यापासून. चौदा वर्षं, दर रविवारी. ते निळे, मी तांबडी."

"जिंके कोण?"

बाईचं तोंड असं फुललं, का मले हसूच आलं. शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरीवानी. "मी!" ती म्हणली. "पहिले चार डाव हरले. मग मला खेळ समजला. त्यानंतर एकदाही हरले नाही." जराशानं खाली पाहून म्हणली, "शेवटचा डाव सोडून."

तो शेवटचा डावच तिच्या जिवाले लागला होता. भगवंतरावाले दवाखान्यातून घरी आणलं, डॉक्टरनं काही आशा ठेवली नव्हती. तरी रविवारी तो उशीले टेकून म्हणला, डाव मांड. बाईनं मांडला. नवव्या पाळीले तिले दिसलं, का डाव्या अंगाची तांबडी पलटण पुढं काढली, का निळे संपले. तिनं ती काढलीच नाही. विसरल्यावानी केलं. निळे टेकडीवर चढले, भगवंतराव जिंकला, आणि तिसऱ्या दिवशी गेला.

"मी त्यांना फसवलं, सोजरा," बाई म्हणली. "इतका सरळ माणूस. चौदा वर्षांत मी त्यांच्यासमोर फासासुद्धा तिरका टाकला नव्हता. आणि शेवटच्या डावाला लबाडी केली. त्यांना ते कळलं असेल तर? बायको आपल्यावर दया करते आहे, हे मनात घेऊन गेले असतील तर?"

"आता ते कसं मालूम पडन, बाई?"

"वहीत प्रत्येक पाळी लिहिलेली आहे. आठव्या पाळीपर्यंतचा डाव मी जसाच्या तसा मांडते. तू निळे घे. मी तांबडे घेते, आणि ती पलटण या वेळी बाहेर काढते. तरीही निळे जिंकले, तर ते खरेच जिंकले असते, माझी लबाडी नुसतीच वाया गेली. आणि हरले, तर..."

शिशाच्या शिपायांपायी एवढा जीव जाळाचा, हे मले पहिले येडेपणच वाटलं. पण बाईचं तोंड पाह्यलं आणि मी म्हणलं, शिकवा मले. दोन वर्षं ती हे पोटात घेऊन फिरून राह्यली होती. मी दर आठ दिवसांनी येत होती, चहा पेत होती, आणि मले काही पत्ता नव्हता.

खेळ शिकाले मले दोन रविवार लागले. शिकवाच्या वेळी बाईनं मले तांबडे दिले आणि निळे सोता घेतले. नवरा खेळे तशीच ती खेळे. मी दोन्ही खेप जिंकली आणि मले लय चढली. घरी जाऊन माह्या नवऱ्याले, उकंडरावाले, म्हणलं, "आज मी नेपोलियनले हरवलं." तो अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणला, "बरं झालं. आता भाकरी टाक." ह्या माणसाले कशाचंच नवल नाही.

मले मात्र एका गोष्टीचं राहून राहून नवल वाटे. चादरीच्या मधोमध तपकिरी पोत्याचा तुकडा होता, ते नांगरलेलं वावर. त्याच्या अंगानं गवताचा धुरा, बाई त्याले बांध म्हणे. नियम असा, का आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला हाय, म्हणून वावरात तोफ घातली तं फासा टाकायचा. सहा पडले तं निघाली, नाही तं रुतली. आणि बाई दर खेपेले तोफा थेट वावरात घाले. मी मनात म्हणलं, पुण्याची बाई, तिले काय ठावं?

तिसऱ्या रविवारी बाईनं तो शेवटचा डाव मांडला. वहीत पाहायचं, पट्टीनं मोजायचं, एक शिपाई ठेवायचा. घंटाभर लागला. मी पदर खोचून निळ्यांच्या अंगानं बसली. मनात म्हणलं, सोजरे, काही झालं तरी आज जिंकायचंच. इमानदारीनं, पण जिंकायचं. बाईच्या मनावरचं ओझं उतरलं पाहिजे.

आणि समोर पाह्यलं, तं साऱ्या सहा तोफा वावरात रुतलेल्या.

माहं डोकंच फिरलं. "ह्या कोणत्या येड्यानं अथी घातल्या?"

"सोजरा!"

"रागावा नका बाई, पण हे काय हाय? अंगाले लागून धुरा हाय, चांगला कडक. जरा वळसा पडन, एक पाळी जास्त लागन, पण तोफा टेकडीखाली पोचतात तं खऱ्या! वाफसा नसताना वावरात कोणी बैलगाडी बी घालत नाही. हे आमच्या इकडचं शेंबडं पोट्टं बी सांगन!"

"वाफसा म्हणजे?"

मी कपाळावर हात मारला. "पाणी पडून गेल्यावर जमीन सुकत येते, ओल असते पण चिखल नसते, पायाले चिकटत नाही. तो वाफसा. तो येईपर्यंत वावराच्या वाटेले जायचं नाही. काळ्या मातीत गाडी घातली तं चाक अर्धं आत जाते. मंग बैलाचं मरण आणि आपलं बी."

"ते धाडसी होते," बाई जराशी घुश्शातच म्हणली. "म्हणायचे, सरळ रस्ता सोडून नेपोलियन कशाला वळसा घालेल? मला तो त्यांचा उतावळेपणा वाटायचा. त्याच्यामुळेच तर मी जिंकायची."

"भगवंतराव कुठले?"

"जानेफळचे."

"घरी वावर होतं?"

"तीस एकर. वडील शेतीच करायचे. हेसुद्धा शाळा सुटली की औतावर असायचे. नोकरी लागेपर्यंत."

"माती कशी?"

"मला काय कळतंय मातीतलं? मी बूट घालून गेले होते एकदा, तर एक बूट तिथेच राहिला. ते इतके हसले होते."

जानेफळचा माणूस. काळ्या मातीत औत हाकलेला. बायकोचा बूट चिखलात राह्यला तं हसणारा. त्याले वाफसा कळत नाही? हे काही मले पटेना. आणि एखादी गोष्ट पटली नाही, का मले चैन पडत नाही, हा माहा जुना रोग हाय.

"बाई, खेळ राहू द्या. वही काढा. पहिल्या डावापासून वाचा. बाकी काही नको, निळ्या तोफा कुठून गेल्या तेवढंच सांगा."

बाई वाचाले लागली. पहिला डाव, तोफा धुऱ्यावरून, निळे विजयी. दुसरा, धुऱ्यावरून. तिसरा, चौथा, धुऱ्यावरूनच, निळे विजयी. पाचवा डाव, तोफा शेतातून, पाच रुतल्या, तांबडे विजयी. सहावा, शेतातून. सातवा, शेतातून. आठवा, शेतातून. पानं उलटता उलटता बाईचा आवाज बारीक होत गेला.

"चौथ्या आणि पाचव्या डावाच्या मधी काय झालं होतं?" मी इचारलं.

बाई चक्क लाजली. "नवीन लग्न होतं. चौथा डाव हरले तेव्हा मला रडू आलं. म्हटलं, तुम्हीच जिंकणार असाल तर मी कशाला बसू? पुन्हा खेळणार नाही. दोन दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी."

"आणि हा पावसाचा नियम? तो साहेबाच्या पुस्तकात हाय?"

"असणारच. चार डाव झाल्यावर ते म्हणाले, हा एक नियम सांगायचा राहिलाच होता. नेपोलियनच्या त्या खऱ्या लढाईच्या आदल्या रात्री खरंच मोठा पाऊस झाला होता. इतिहासात आहे तसं."

"इतिहासात असन. पुस्तकात पाहा."

पुस्तक पेटीच्या तळाशी होतं. बाईनं चष्मा लावला आणि पान न् पान पाह्यलं. एकदा पाह्यलं, पुन्हा पाह्यलं. पुस्तकात पाऊस नव्हता. चिखल नव्हता. मंग तिनं वहीतलं नियमांचं पान काढलं. सतरा नियम काळ्या शाईत, सुरेख ओळीत. अठरावा, पावसाचा, निळ्या शाईत, खाली उरलेल्या जागेत कोंबून लिहिलेला. पाचव्या डावाची नोंद बी त्याच निळ्या शाईत होती.

बाई त्या निळ्या ओळीवर बोट फिरवत राह्यली. मलेच दम निघत नव्हता.

"बाई, नियम नव्हता तवा बी ते सवयीनं धुऱ्यावरून गेले. मंग त्यायनं तोफा रुतवाले नियम केला, आणि जाणून बुजून तोफा त्यात घातल्या."

"म्हणजे मी..." बाई म्हणली. "चौदा वर्षं..." तिचं तोंड लाल झालं. मी तिले रागावलेलं कधी पाह्यलं नव्हतं. "मी शाळेत सांगायची, सोजरा! दर सोमवारी सगळ्यांना सांगायची, काल पुन्हा हरवलं म्हणून! आणि हा माणूस समोर बसून कपाळ बडवून घ्यायचा! 'गेल्या बुवा माझ्या तोफा' म्हणायचा! मी त्याची समजूत घालायची! लबाड! लबाड माणूस!"

नवऱ्याले 'ते' आणि 'हे' सोडून दुसरं काही म्हणताना मी तिले त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मले वाटलं, झालं, सोजरे, तुह्या तोंडानं घात केला. एक काटा काढाले गेली आणि दुसरा रुतवून बसली. ह्या बाईजवळ मिरवाले तेवढी एकच गोष्ट होती, ती बी मी हिसकावली. जेवढा राग मले कधी कोणाचा आला नाही, तेवढा त्या वक्ताले माहाच आला. उठून घरी जावं असं वाटलं. पण तिनं मले इचारलं काय होतं, हे मी इसरली नव्हती.

"बाई, आता माहं ऐका," मी म्हणलं. "तुमची लबाडी त्यायले कळली का नाही, हेच तुमाले पाहिजे होतं ना? मंग सांगते. कळली. ती पलटण तुमी हलवली नाही, त्याच वक्ताले कळली. जो माणूस चौदा वर्षं दर रविवारी मुद्दाम हरला, त्याच्यापेक्षा मुद्दाम हरणं आणखी कोणाले वळखू येईन? त्या दिवशी बी तो हरालेच बसला होता. सहाच्या सहा तोफा चिखलात घालून बसला होता. तुमी दोघं बी हरालेच बसले होते. तुमी जरा जास्त चांगलं हरल्या, एवढंच."

बाई शिपायांकडे पाहत राह्यली. मंग तिच्या तोंडावरचा राग कुठच्या कुठं गेला.

"डाव संपला," ती हळूच म्हणली, "तेव्हा मी म्हटलं, जिंकलात. ते माझ्याकडे पाहून हसले. म्हणाले, 'अन्नपूर्णा, आज फार छान खेळलीस.' मी हरले होते गं. हरलेल्याला कुणी असं म्हणतं का? मला वाटलं, तापात बरळतायत. मी त्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली."

आणि ती हसाले लागली. हसता हसता रडाले लागली, आणि मी बी. चांगल्या दोघी बाया, मधी नेपोलियनची फौज, आणि दोघी हुंदके देऊन राह्यल्या. कोणी दारातून पाह्यलं असतं तं दोघींले येड लागलं म्हणलं असतं. म्हणो. मले त्या माणसाचं लय कौतुक वाटलं, आणि त्याले नावं ठेवली त्याची लाज वाटली.

मंग बाईनं डोळे पुसले, वही मिटली आणि सारे शिपाई गोळा केले. मले वाटलं, आता पेटीत जातात. पण ती मांडाले लागली. पहिल्यापासून. तांबडे टेकडीवर, निळे समोर.

"तू निळे घे," ती म्हणली. "तोफा कुठून न्यायच्या तुला माहीत आहे. मला बघायचंय, मला खेळता येतं की नाही. आणि सोजरा, मला सोडायचं नाही. शपथ घे."

"कोणाची?"

"तुझ्या तोंडाची."

सोडलं नाही. मन दोनदा डळमळलं, तरी सोडलं नाही. तोफा धुऱ्यावरून नेल्या, टेकडीखाली लावल्या, आणि दहाव्या पाळीले निळे टेकडीवर चढले. बाईची एकेक पलटण मी माह्या हातानं आडवी केली. शेवटची केली तवा तिच्याकडे पाहाची माही हिंमत होईना.

बाई बोटावर काहीतरी मोजत होती.

"म्हणजे तांबडे घेऊन मी आजवर खरे डाव पाचच खेळले," ती म्हणली. "आणि पाचही हरले."

एवढं बोलून तिनं पदर खोचला आणि सहाव्या डावाचे शिपाई मांडाले घेतले.